ढोलकी कोणाची?

संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचे गाव. महार समाजात जन्मलेल्या या कलावतीने पठ्ठे बापूरावांच्या फडाला नाव मिळवून दिले. बापूराव जन्माने ब्राह्मण. तमाशाच्या इतिहासात ते शाहीर म्हणून अमर झाले आणि पवळा उरली ती फक्त तिच्या रूपाच्या आख्यायिकांपुरती! कागदावर मालक एक आणि वहिवाट दुसऱ्याची, असे दावे आम्ही कोर्टात रोज पाहतो. हा त्यातलाच एक दावा, फक्त तो कधी दाखल झाला नाही.

महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी फडाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली. आपल्या लेकीबाळींना नाचवून आलेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. पण म्हणून बाबासाहेबांनी ढोलकी नाकारली काय? मुळीच नाही. 1930 च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार याच ढोलकी-तुणतुण्यावर आंबेडकरी जलसा घेऊन गावोगाव फिरले. सत्यशोधक जलशाची वाट पुढे होतीच. तमाशाचा साचा त्यांनी उचलला, गणातला गणपती उतरवला, गवळणीतली छेडछाड काढली, आणि वगात सावकार, भटजी, शिक्षण, पाणवठा आणला. गाणारे, वाजवणारे, सोंगाड्या, झीलकरी असा तो भरला ताफा होता. कर्डकांनी 1978 साली ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहून ठेवले म्हणून निदान एवढे तरी आपल्या हाती आहे.

जोतिरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याच अमेरिकेतील बँजो हे वाद्य मूळचे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे. पुढे गोऱ्यांनी तोंडाला काळे फासून, तेच वाद्य वाजवून काळ्यांची टिंगल करणारे खेळ केले. विसाव्या शतकात बँजो खेड्यातल्या गोऱ्यांचे वाद्य म्हणून खपला आणि काळ्या माणसांनी तो बराचसा सोडून दिला. या विटाळलेल्या आठवणी हे त्याचे एक कारण. 2005 साली नॉर्थ कॅरोलिनात काही काळे तरुण पुन्हा एकत्र आले, जो थॉम्पसन या वृद्ध काळ्या फिडलवादकाच्या पायाशी बसून जुनी गाणी शिकले. त्यांच्या ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ या संचाला 2011 मध्ये ग्रॅमी मिळाले. आपल्याकडे 2017 मध्ये चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 19 जणांचा ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभा राहिला. त्यात वस्तीतला गाना, रॅप, रॉक सगळे एकत्र वाजते.

आणि आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात? जयंतीच्या वर्गणीत सर्वात मोठा आकडा डीजेचा. रात्री दहानंतर तो वाजला की 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा बडगा पोरांवर येतो आणि मग मंडळाला वकील आठवतो! वतनाची कामे सोडली ते योग्यच केले. गावाची सक्ती म्हणून वाजवणे वेगळे आणि आपल्या मंचावर मानाने, ठरलेल्या मानधनावर वाजवणे वेगळे, हा फरक कर्डकांच्या पिढीला कळला होता. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी यांना एकत्र बसवायला दहा-बारा माणसांचे मानधन लागते. ते डीजेच्या भाड्यात बसते की नाही, हे मंडळांच्या खजिनदारांनी चौदा एप्रिलपूर्वी एकदा कागदावर मांडून बघावे. आणि त्या ताफ्यात बाई असेल, तर तिचे नाव पत्रिकेवर शाहिराच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात छापावे.