पश्चिमेकडून आलेली चाल

कॅनडातल्या जंगलात पांढऱ्या गळ्याची स्पॅरो शीळ घालते ती ‘कॅनडा, कॅनडा, कॅनडा’ अशी, असं तिथली माणसं गमतीनं म्हणत आली आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकी पर्वताच्या पश्चिमेला तिच्या काही नरांनी शेवटच्या तुकड्यांमधला एकेक सूर गाळला: ‘कॅना, कॅना, कॅना’. २००४ साली अल्बर्टात निम्मे नर असे गात होते, २०१४ मध्ये सगळेच. पुढे ही चाल पार ऑन्टारियोपर्यंत गेली. एवढ्या मोठ्या मुलखात जुनी चाल मोडीत निघेल, असं पक्षितज्ज्ञांना वाटलं नव्हतं. पिल्लं आपल्या भागातलीच चाल उचलतात, हा आजवरचा अनुभव.

समुद्रातही असंच घडलंय. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर १९९६ मध्ये हंपबॅक देवमाशांच्या ८२ गायकांपैकी दोघे वेगळंच गाणं गाताना आढळले. ते पश्चिम किनाऱ्यावरचं होतं. १९९८पर्यंत पूर्वेचं जुनं गाणं संपलं होतं. पॅसिफिकमध्येही अशी गाणी ऑस्ट्रेलियाकडून फ्रेंच पॉलिनेशियाकडे, म्हणजे पुन्हा पश्चिमेकडून पूर्वेकडेच, सरकत गेलेली दिसतात.

या दोन गायकांपैकी एकाचं वजन तीस टनांच्या घरात, दुसऱ्याचं पंचवीस-तीस ग्रॅम. गाण्याची यंत्रंही निराळी. पक्ष्याचं स्वरयंत्र श्वासनलिका दुभंगते तिथे असतं आणि त्याच्या दोन बाजू स्वतंत्रपणे चालू शकतात. देवमासा तोंड मिटून गातो. स्वरयंत्रातली मोठी घडी आणि चरबीची गादी यांच्यामधून हवा जाताना थरथर होते आणि तीच हवा आत पुन्हा फिरवता येते.

मग चाल पसरते कशी? स्पॅरोंच्या बाबतीत धागा हाती लागलाय. पाठीवर बारीक यंत्रं बांधल्यावर कळलं, की पश्चिमेचे पक्षी हिवाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गवताळ मैदानांत उतरतात, तिथे रॉकीच्या पूर्वेकडचेही असतात. एकाच मुक्कामात कोवळ्या नरांच्या कानावर नवी चाल पडत असणार. देवमाशांची गाठ प्रवासात किंवा अंटार्क्टिकाजवळ चरताना पडत असावी. माद्यांना नावीन्य आवडतं, हे स्पष्टीकरण दोन्हीकडे दिलं जातं. मला ते जरा सोयीचं वाटतं.

अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र ध्रुवाकडे जातच नाहीत. गोव्याच्या किनाऱ्याजवळही त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालंय. ओमानजवळ त्यांची संख्या शंभराच्या आत असावी, आणि तिथलं गाणं नैऋत्य हिंदी महासागरातल्या गाण्याशी जुळत नाही. नवी चाल घेऊन येणारा पाहुणा इकडे क्वचितच फिरकतो.