आयपी कोअर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोबाइलच्या मुख्य चिपवर आज अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. एवढी मोठी रचना दर वेळी पहिल्या रेघेपासून करणे वेळेच्या आणि खर्चाच्या दृष्टीने अशक्य आहे. म्हणून प्रोसेसर, मेमरी कंट्रोलर, यूएसबी जोडणी असे भाग एकदाच रचून, तपासून ठेवतात आणि वेगवेगळ्या चिपमध्ये पुन्हा पुन्हा वापरतात. अशा भागाला ‘आयपी कोअर’ किंवा ‘आयपी ब्लॉक’ म्हणतात. येथे ‘आयपी’ म्हणजे बौद्धिक संपदा. संगणकाच्या आयपी पत्त्याशी त्याचा संबंध नाही.

गैरसमज : आयपी कोअर हा बाजारात मिळणारा सुटा भाग आहे.

वस्तुस्थिती : आयपी कोअर ही वस्तू नसून आराखडा आहे. ग्राहकाला मिळतात त्या संगणकावरच्या फाइल. ‘सॉफ्ट कोअर’ व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या हार्डवेअर-वर्णनाच्या भाषांत लिहिलेला असतो. त्यापासून लॉजिक गेटचे जाळे सॉफ्टवेअर तयार करते, त्यामुळे तो निरनिराळ्या निर्मितीप्रक्रियांसाठी वापरता येतो. ‘हार्ड कोअर’मध्ये प्रत्येक ट्रान्झिस्टरची आणि तारेची जागा ठरलेली असते, तो एका फाउंड्रीच्या (चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या) एकाच प्रक्रियेला बांधलेला असतो. यूएसबी किंवा डीडीआर मेमरीच्या जोडणीत प्रत्यक्ष विद्युत संकेत हाताळणारा भाग अ‍ॅनालॉग स्वरूपाचा असल्याने बहुधा हार्ड कोअर म्हणूनच दिला जातो.

गैरसमज : कोअर एकच असेल तर चिपची कामगिरीही सारखीच असते.

वस्तुस्थिती : आर्म कंपनीचा कॉर्टेक्स-ए72 हा कोअर हुआवेच्या किरिन 950 या चिपमध्ये 16 नॅनोमीटर प्रक्रियेवर 2.3 गिगाहर्ट्‌झने चालत असे. रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकातील 28 नॅनोमीटरच्या चिपमध्ये त्याच कोअरचा मूळ वेग 1.5 गिगाहर्ट्‌झ होता. निर्मितीप्रक्रिया, कॅशचा आकार, मेमरीची रुंदी आणि उष्णता बाहेर टाकण्याची सोय यांवर अंतिम कामगिरी ठरते.

गैरसमज : ‘आर्म’ चिप म्हणजे आर्म कंपनीने बनवलेली चिप.

वस्तुस्थिती : एकॉर्न, अ‍ॅपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी 1990 मध्ये केंब्रिजजवळ उभी केलेली ही कंपनी आराखड्यांचे परवाने देऊन वाढली. परवान्याचे शुल्क आणि विकल्या गेलेल्या चिपमागे रॉयल्टी, हा तिच्या उत्पन्नाचा पाया. काही ग्राहक तयार कोअर जसाच्या तसा घेतात. अ‍ॅपलसारखे ग्राहक फक्त आज्ञासंचाचा (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या यादीचा) परवाना घेऊन कोअर स्वतः रचतात.

गैरसमज : रिस्क-फाइव्ह मुक्त आहे, म्हणजे त्याचे सगळे कोअर फुकट आहेत.

वस्तुस्थिती : बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 2010 मध्ये सुरू झालेला रिस्क-फाइव्ह हा आज्ञासंच आहे, कोअर नव्हे. व्याकरण सर्वांचे असते, त्या व्याकरणाने लिहिलेला ग्रंथ मात्र लेखकाचा असतो, तसेच हे. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ कोअर मुक्तस्रोत आहेत, तर कित्येक कंपन्या आपले रिस्क-फाइव्ह कोअर पैसे घेऊन देतात. रास्पबेरी पायच्या 2024 मधील आरपी2350 या चिपमध्ये तर आर्मचे दोन परवानाधारित कोअर आणि रिस्क-फाइव्हचे दोन मुक्तस्रोत कोअर शेजारी शेजारी आहेत.

गैरसमज : तपासलेले कोअर एकमेकांना जोडले की चिप तयार झाली.

वस्तुस्थिती : अनेक चुका कोअरच्या आत नव्हे, दोन कोअरच्या सांध्यावर सापडतात. समजा, एक भाग 100 मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकवर चालतो आणि शेजारचा 48 मेगाहर्ट्‌झच्या. पहिल्याचा संकेत दुसऱ्याच्या क्लॉकच्या ठोक्यावरच बदलला, तर तो संकेत पकडणारा फ्लिप-फ्लॉप (एक बिट साठवणारे मंडल) काही क्षण शून्य आणि एक यांच्या मध्येच अडकू शकतो. एका बिटासाठी दोन फ्लिप-फ्लॉप ओळीने ठेवून हा धोका नगण्य करतात. अनेक बिटांची संख्या न्यायची असेल तर तेवढे पुरत नाही. काही बिट नवे आणि काही जुने वाचले जाऊन भलतीच संख्या पुढे जाऊ शकते. तेथे दोन क्लॉकची फिफो (आधी आलेले आधी बाहेर देणारी रांग) किंवा मागणी-पोच देणारी पद्धत लागते. दोन्ही कोअर स्वतंत्रपणे निर्दोष असूनही ही चूक घडते. जोडणीचे नियम एकसारखे असावेत म्हणून आर्मने 1996 मध्ये ‘अ‍ॅम्बा’ हे बस-मानक आणले. त्याने जोडणी सोपी झाली, पण संपूर्ण चिपची पडताळणी टळली नाही. सिलिकॉनवर उतरलेली चूक सॉफ्टवेअरसारखी दुरुस्त करता येत नाही. अनेकदा नवे मास्क (चिपवर रचना उमटवणारे साचे) बनवावे लागतात.

गैरसमज : बाहेरचे काही वापरले की चिप स्वदेशी राहत नाही.

वस्तुस्थिती : आज्ञासंच, कोअर, संपूर्ण चिपची रचना आणि निर्मिती हे चार वेगळे थर आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘अजित’ प्रोसेसरने स्पार्क व्ही8 हा परदेशात जन्मलेला खुला आज्ञासंच स्वीकारला; कोअर मात्र मुंबईत रचला गेला आणि चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत 180 नॅनोमीटर प्रक्रियेवर बनली. आज्ञासंच खुला असल्याने त्यावर स्वतःचा कोअर रचता आला. म्हणून चिप किती स्वदेशी, हे एका शब्दात नव्हे, तर प्रत्येक थर वेगळा पाहूनच सांगता येते.