पुलाच्या पलीकडचा ओढा

ओढ्याच्या अभ्यासाला निघालेली मंडळी बहुतेकदा पुलावर थांबतात. गाडी लावायला जागा असते, खाली उतरायला पायवाट असते, पाण्याचा नमुना पटकन बाटलीत भरता येतो. पण पुलाखालचा ओढा म्हणजे सगळा ओढा नव्हे. तिथे प्रवाह खांबांमध्ये आवळलेला असतो, रस्त्यावरचं तेल आणि कचरा तिथेच उतरतो, काठाची झाडं अनेकदा पूल बांधतानाच गेलेली असतात. फक्त पुलांवरून जमवलेले आकडे ओढ्यापेक्षा रस्त्याबद्दलच जास्त सांगतात. संगणकावर मोफत मिळणारे नकाशे आणि उपग्रहांची माहिती सर्वांत मोलाची ठरते ती इथे. कुठे थांबायचं हे त्यामुळे रस्त्याऐवजी ओढा ठरवू शकतो.

उदाहरणादाखल पुण्याचा आंबिल ओढा घेता येईल. कात्रजच्या डोंगरातलं पाणी घेऊन तो तिथल्या तलावातून खाली येतो, अरण्येश्वर, सहकारनगर असं करत पर्वतीच्या पायथ्याशी पोचतो आणि दांडेकर पुलाखालून पुढे जाऊन मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला. त्या रात्रीच्या पावसाने पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला. एरवी ज्याला लोक नाला म्हणून नाक दाबून ओलांडतात, त्याचं पाणलोट क्षेत्र केवढं, उतार किती, पाणी कुठे अडतं, हे प्रश्न त्या रात्रीनंतर अनेकांना पडले. त्यांची निम्मी उत्तरं घरबसल्या मिळू शकतात. उरलेल्या निम्म्यांसाठी चालावंच लागतं, आणि कुठे चालायचं ते पहिल्या निम्म्यातून कळतं.

सुरुवात उंचीपासून होते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ‘एसआरटीएम’ नावाची ती माहिती आज कुणालाही सुमारे ३० मीटरच्या चौकटींत उतरवून घेता येते. इस्रोच्या कार्टोसॅट-१ ने तर २००५ पासून एकच भूभाग दोन कॅमेऱ्यांनी दोन कोनांतून टिपला. त्यातून तयार झालेलं उंचीचं प्रारूप इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर आहे. ही माहिती ‘क्यूजीआयएस’ या मोफत संगणकप्रणालीत घातली की ती प्रत्येक चौकटीला एकच साधा प्रश्न विचारते: शेजारच्या आठ चौकटींपैकी सर्वांत तीव्र उतार कुणाकडे? पाणी तिकडे जाणार. ओ’कॅलघन आणि मार्क यांनी १९८४ साली मांडलेली ही रीत लाखो चौकटींवर चालवली की डोंगरावर ओहोळांचं जाळं उमटतं आणि मुठेच्या संगमावर बोट ठेवलं की आंबिल ओढ्याचं सगळं पाणलोट क्षेत्र रंगून निघतं.

या जाळ्याला क्रम देता येतो. ज्याला दुसरं कुणी येऊन मिळत नाही तो ओहोळ पहिल्या श्रेणीचा. पहिल्या श्रेणीचे दोन एकत्र आले की दुसरी श्रेणी, दुसरीचे दोन मिळाले की तिसरी. स्ट्रालर या भूरूपशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत नमुने कुठे घ्यायचे हे ठरवताना फार कामाची आहे. प्रत्येक श्रेणीत काही ठिकाणं निवडली, तर डोंगरातला निवळशंख ओहोळ आणि शहरातला काळा प्रवाह दोघांनाही न्याय मिळतो. पुलांचा हिशोब केला असता, तर डोंगरातला ओहोळ यादीत आलाच नसता.

मात्र पडद्यावरच्या रेषेवर डोळे मिटून विसंबता येत नाही. तीस मीटरची चौकट म्हणजे जमिनीच्या हिशोबात जवळपास नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांना मिळून एकच उंची! पाच-सात मीटर रुंदीचा ओढा त्यात बुडून जातो. शिवाय ‘एसआरटीएम’ची उंची २००० सालची. त्यानंतर डोंगरउतारांवर किती घरं चढली, किती ठिकाणी भराव पडला, हे तिला ठाऊक नाही. दाट झाडीत रडारची लहर जमिनीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे झाडांचे शेंडेच जमीन म्हणून नोंदले जातात. मोऱ्यांची चूक सर्वांत घातक. रस्त्याचा भराव वरून दिसतो, त्याखालची मोरी दिसत नाही. मग संगणक त्या रस्त्याला धरण समजतो आणि ओढा भलतीकडेच वळवतो. म्हणून संगणकाने काढलेली रेषा जिथे रस्ता ओलांडते ती प्रत्येक जागा भेटीच्या यादीत यायला हवी.

ही रेषा तपासायला जुने नकाशे हाताशी लागतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे खुल्या मालिकेतले १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांवर, म्हणजे टोपोशीटवर, बारमाही पाणी निळ्या रंगात आणि पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे काळ्या रेषांनी दाखवलेले असतात. कात्रजसाठी शीट ४७ एफ/१५. सर्वेक्षकांनी प्रत्यक्ष फिरून काढलेली ती काळी-निळी रेषा आणि संगणकाची रेषा एकमेकांवर ठेवली की जिथे त्या फारकत घेतात तिथे काहीतरी घडलेलं असतं. आंबिल ओढ्याच्या बाबतीत तर हे ‘काहीतरी’ पेशव्यांपर्यंत मागे जातं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरातल्या हौदांपर्यंत नेलं गेलं, पर्वतीखालच्या तळ्यासाठी ओढ्याचं पाणी अडवलं गेलं. तो जमिनीखालचा नळ कोणत्याही उपग्रहाला दिसणार नाही.

अलीकडच्या बदलांसाठी ‘गूगल अर्थ’मधली जुन्या छायाचित्रांची सरकपट्टी आहे. ती मागे-पुढे केली की ओढ्याचं पात्र कुठे आक्रसलं, कुठे काठावर भिंत उभी राहिली, हे वर्षागणिक दिसतं. युरोपचा ‘सेंटिनेल-२’ दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि त्याची चौकट दहा मीटरची, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. एवढ्या बारकाईनेही अरुंद ओढ्याचं पाणी दिसत नाही, पण एप्रिल-मेच्या छायाचित्रात उजाड डोंगरावर हिरवी रेघ मात्र दिसते. तिथे खाली ओल टिकून आहे. उन्हाळ्यात डोह शोधायचे असतील तर त्या रेघेमागे जावं.

पावसाच्या माहितीत मोठा धोका लपलेला आहे. हवामान विभागाची १९०१ पासूनची दैनंदिन पावसाची माहिती पाव अंशाच्या चौकटीत मिळते. एकेक चौकट सातशे चौरस किलोमीटरहून मोठी. आंबिल ओढ्याचं सगळं पाणलोट तिच्या एका कोपऱ्यात मावतं. उपग्रहांवर आधारलेली ‘आयमर्ग’ माहिती दर अर्ध्या तासाची आणि सुमारे अकरा किलोमीटरच्या चौकटीतली असते, पण सह्याद्रीच्या डोंगरांवरचा पाऊस ती अनेकदा कमी दाखवते. लहान ओढा दिवसभराच्या पावसाने फुगत नाही, एखाद्या तासाच्या धुवाधार सरीने फुगतो. म्हणून पावसाळ्यात पात्रात उतरण्याआधी पाणलोटाचा नकाशा डोळ्यांसमोर हवा. डोक्यावर ऊन असलं तरी कात्रजच्या डोंगरावर ढग दाटले असतील, तर पात्राबाहेर थांबायचं. काठ कुठे चढता येण्याजोगा आहे हे पात्रात उतरण्याआधी प्रत्यक्ष पाहून हेरून ठेवायचं, कारण तीस मीटरच्या चौकटीत काठाचा चढ दिसत नाही.

ओढा म्हणजे नुसतं पाणी नव्हे, त्यातले जीवही. ‘जीबीआयएफ’ आणि ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ या संकेतस्थळांवर मासे, चतुर, बेडूक यांच्या नोंदी जागेसह मिळतात. त्यांचे ठिपके नकाशावर टाकले की तेही रस्त्याकाठी गर्दी करतात, म्हणजे इथेही पुलाचाच पक्षपात. पण पुण्याचं भाग्य असं की फ्रेझर यांनी १९४२ साली पुण्याच्या माशांची यादी मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात छापली आणि त्या नियतकालिकाचे जुने अंक ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’त मोफत वाचता येतात. पुण्याच्या पाण्यातले कोणते मासे उरले आणि कोणते गेले, हे विचारायला ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीचा आधार मिळतो. असा आधार फार थोड्या शहरांकडे आहे.

एवढी तयारी झाली की निवडलेली ठिकाणं ‘क्यूफील्ड’ या अॅपमधून फोनवर घ्यायची, नकाशे आधीच उतरवून ठेवायचे, कारण डोंगरात रेंज मिळेलच असं नाही. प्रत्येक ठिकाणापुढे एक प्रश्न लिहायचा. इथे रेषा का वळली? मोरी किती रुंद आहे? पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर कितीपर्यंत आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काठावर राहणारी माणसं बोट दाखवून देतात, आणि २०१९ च्या त्या रात्री पाणी किती वाजता आलं तेही सांगतात. मोरीची रुंदी फितीने मोजून ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर नोंदवता येते. तिथे मोरीसाठी वेगळी खूणच आहे. ती नोंद वापरली, तर पुढच्या अभ्यासकाच्या संगणकावर तो रस्ता धरण होणार नाही, पाणी मोरीतून आरपार जाईल.