भूमिपुत्रांच्या गजरात भूमिहीन कुठे?

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, अर्नाळा, राजोडी, कळंब, नवापूरच्या किनाऱ्याला, शनिवार उजाडला की मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. केळीच्या, पानवेलीच्या वाड्या मोडून तेथे रिसॉर्ट, फार्महाऊस आणि ‘सेकंड होम’ उभे राहिले. सुट्टी संपली की बंगल्यांना कुलूप! आणि थोड्याच अंतरावर नालासोपारा पूर्वेला एका खोलीत सहा-सात माणसे, अकरा महिन्यांच्या करारावर, टँकरच्या पाण्यासाठी हंडे लावून जगतात. 2011 च्या जनगणनेत देशातील शहरांत सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली. म्हणजे घरांचा नव्हे, मालकीचा प्रश्न आहे.

वसईत याविरुद्ध कोणी बोललेच नाही असे नाही. 1989 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. विहिरी आणि बावखले वाचविण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, त्याचा आम्हाला आदर आहे. पण भूमिपुत्र म्हणजे कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो! वाडी विकली गेली की त्याला निदान पैसा मिळतो. त्याच वाडीवर पिढ्यानपिढ्या खपणाऱ्या वारली, कातकरी मजुराला काय मिळते? त्याची मजुरी जाते, कुडाची झोपडी जाते, आणि त्याची मुलगी त्याच जागेवरच्या रिसॉर्टमध्ये चादरी धुवायला जाते. किनाऱ्यावर मासळी वाळविणाऱ्या कोळणीलाही आता वाळूवरून उठवतात. पाहुण्यांना म्हणे वास येतो!

बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1947 च्या ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी जमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, कोणी जमीनदार नको, कूळ नको आणि भूमिहीन मजूरही नको, अशी मांडणी केली. खोत गेले, पण आठवड्यातून दोन दिवस येणारा हा नवा खोत आला. जुना खोत निदान गावात राहत तरी होता.

इंग्लंडमधील सेंट आइव्हज या किनाऱ्यावरच्या गावाने 2016 मध्ये मतदान घेऊन नव्या घरांना सेकंड होम म्हणून विकण्यास बंदी केली. बार्सिलोनाने पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांचे परवाने 2028 पर्यंत संपविण्याचे 2024 मध्ये जाहीर केले. आणि आमच्याकडे? 2009 मध्ये महापालिका झाली आणि तीत गेलेल्या गावांची ग्रामसभाच संपली. आता विचारायचे कोणाला?

तेव्हा कागद विचारा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे आधी परवानगी लागते. ती नसेल तर जमीन काढून घेण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. महार वतनाची जमीन बिगरशेतीसाठी विकतानाही परवानगी आणि नजराणा चुकत नाही. कुलमुखत्यारपत्राच्या आडून यातले किती व्यवहार झाले? कार्यकर्त्यांनी तलाठी कार्यालयात जाऊन किनाऱ्यावरील एकेका रिसॉर्टचा सर्व्हे नंबर घ्यावा, 1974 पासूनचे फेरफार काढावेत आणि परवानगीचा आदेश नसेल तेथे थेट पालघरला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकावा. अर्जाची पोच घ्यायला मात्र विसरू नये.