कृत्रिम दगडाचा बैल करताना बारीक शिंगं टाळा

पोळ्याला पुजतो तो मातीचा बैल नीट पाहा. डोळे नाहीत, खूर नाहीत. चार ठोकळे पाय, वर वशिंड, शिंगांची दोन टोकं. तरी पोरगं लांबूनच ओळखतं. शहरातले कलाकार अशाच रीतीला अमूर्त म्हणतात. असली वीतभर जनावरं आता कृत्रिम दगडात, म्हणजे सिमेंट आणि दगडाच्या चुरीत ओततात. कुंड्या विकणाऱ्या नर्सऱ्या, भेटवस्तूंची दुकानं इथं ती खपतात. ओतीव जनावरं आपल्या मुलखाला नवी नाहीत म्हणा. १९७४ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दायमाबादला, हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ जमिनीतून निघाला. तो माल धातूचा होता.

काम घरी जमण्यासारखं आहे. एक भाग पांढरं सिमेंट, तीन भाग संगमरवराची बारीक चुरी. किलोभर सिमेंटला पाणी अर्ध्या लिटरच्या आत. पातळ केलं की ओतायला सोपं जातं खरं, पण तोच माल पुढं तडकतो. साच्याला आतून तेलाचा हात फिरवा, मिश्रण थोडं थोडं भरा आणि साचा ठोकत राहा, म्हणजे बुडबुडे वर येतात.

उचललेला पाय, वळवलेली शेपूट, टोकदार शिंग यांचा मोह सोडा. सिमेंट दाब सोसतं, ताण सोसत नाही. साचा सोडवतानाच शिंग हातात येतं. शिंगं डोक्याला चिकटवा, पाय जोडीनं एकत्र ठेवा, शेपूट अंगातच जिरवा. बसलेली म्हैस त्याहून सोपी.

हिशेब मात्र इथं चुकतो. अर्धा किलोच्या बैलाला सव्वाशे ग्रॅमसुद्धा सिमेंट लागत नाही, म्हणून फायदा मोठा दिसतो. पण बैल २४ तास साच्यातच राहतो, म्हणजे एका साच्यातून दिवसाला एकच नग. बाहेर काढल्यावर किमान ७ दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि पुरती ताकद यायला २८ दिवस धरायचे. आठ दिवस आधी जागं होऊन पोळ्याचा बाजार गाठता येत नाही. त्यात रबरी साचा महाग. तेव्हा बचत गटातल्या बायांनी कर्ज काढून दहा साचे आणण्याआधी एकच नमुना करावा, दुकानदाराला दाखवावा, किती नग घेणार ते बोलून घ्यावं.

ओलं सिमेंट कातडी खातं, रबरी हातमोजे घालाच. माल कोरडा घासू नका, पाण्यात भिजवून घासा. धूळ छातीत बसते, तिथं साधा रुमाल पुरत नाही. आणि पोरांना चुरीजवळ फिरकू देऊ नका.