सागवानी मेजावरचा ओरखडा

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनसंपन्न जिल्हे आहेत. पूर्वी हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन वैनगंगेच्या पलीकडील प्रदेशाचा गडचिरोली जिल्हा झाला. या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग आजही वनांनी व्यापलेला आहे. या वनांत मोह आहे, तेंदू आहे, पळस आहे, बांबूची बेटे आहेत. परंतु त्यांची कीर्ती दूरवर पोहोचली ती सागामुळे. आलापल्ली आणि बल्लारपूर ही नावे लाकडाच्या व्यापाऱ्यांना आणि सुतारांना चांगली परिचित आहेत. आलापल्लीजवळच्या एका वनखंडात जुने, उंचच उंच सागवृक्ष जपून ठेवले आहेत. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वनखंडाला २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान पाठविण्यात आले, तेही बल्लारपूरहूनच.

सागाला एवढा मान का? सागाच्या गाभ्याच्या लाकडात एक नैसर्गिक तेल असते. त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. उन्हाळ्यात ते फारसे आकसत नाही आणि पावसाळ्यात फारसे फुगत नाही. पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला ज्या लाकडी कमानी आहेत, त्या सागवानी असून सुमारे दोन हजार वर्षे टिकून राहिल्या आहेत. असे हे लाकूड घरात आले, म्हणजे आजोबांचे मेज नातवाच्या अभ्यासाला उपयोगी पडते यात नवल नाही.

परंतु टिकाऊपणा वेगळा आणि कठीणपणा वेगळा. सागवान पुष्कळ वर्षे टिकते, तरी ते दगडासारखे कठीण नसते. मेजावरून एखादी लोखंडी पेटी ओढली, एखादे तळ खडबडीत असलेले पितळी भांडे घासले, की लखलखीत पृष्ठभागावर एक खोल, फिकट रेघ उमटते. घरातील माणसे हळहळतात. कोणी त्या रेघेवर तेल चोळतो. कोणी गडद रंगाचा हात फिरवितो. कोणी सुताराला बोलावून सबंध फळीवर रंधा मारण्यास सांगतो. हे तिन्ही उपाय चुकीचे आहेत. तेलाने रेघ काही दिवस दडते. पण खाचेत शिरलेल्या तेलामुळे पुढे तेथे भर नीट धरत नाही. गडद रंग उघड्या लाकडात अधिक मुरतो आणि फिकट रेघेची काळी रेघ होते. आणि एका रेघेसाठी साऱ्या फळीवर रंधा मारणे म्हणजे बोटाला काटा रुतला म्हणून सगळा हात सोलण्यासारखे आहे.

योग्य उपाय सुचण्यासाठी ओरखडा म्हणजे काय, हे प्रथम समजून घ्यावे लागते. तयार मेजाच्या पृष्ठभागाचे दोन भाग असतात. खाली लाकूड आणि त्यावर रोगणाचा, म्हणजे पॉलिशचा, पातळ थर. काही ओरखडे केवळ रोगणापुरते असतात. काही रोगण भेदून लाकडाचे तंतू तोडतात. यांतला फरक ओळखण्याची युक्ती सोपी आहे. बोटाचे नख रेघेवर आडवे फिरवावे. नख अडकले नाही, तर इजा वरवरची आहे. तेथे रोगणाचा एखादा हात पुरतो. नख अडकले, तर ओरखडा खोल आहे. संध्याकाळी दिवा मेजाच्या एका बाजूस खाली ठेवून तिरप्या उजेडात पाहिले, म्हणजे खाचेची लांबी आणि खोली स्पष्ट दिसते.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. जड वस्तू पडून लाकूड दबले असेल, तर त्याला पोचा म्हणावे, ओरखडा नव्हे. पोच्यात तंतू तुटत नाहीत, केवळ चेपले जातात. त्यावर ओलसर फडके ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकविली, तर वाफेने तंतू फुगतात आणि पुष्कळसा खळगा आपोआप भरून येतो. मात्र उष्णतेने व ओलीने तेथील रोगण पांढरे पडण्याचा संभव असतो. म्हणून नंतर त्या जागी रोगण पुन्हा द्यावे लागते. तुटलेले तंतू अशा वाफेने जुळत नाहीत. तेथे भर घालणे हाच मार्ग असतो.

भर घालण्यापूर्वी मेजावरील रोगण कोणत्या जातीचे आहे, ते पाहावे. मेजाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूस स्पिरिटचा एक थेंब टाकावा. काही वेळाने ती जागा चिकट झाली, तर ते लाखेचे रोगण आहे असे समजावे. जुन्या सागवानी सामानावर बहुधा हेच रोगण आढळते. ती जागा जशीच्या तशी राहिली, तर ते अलीकडच्या कृत्रिम रोगणांपैकी असते. त्यावर शेवटचा हात त्याच जातीच्या रोगणाचा द्यावा लागतो.

लाखेची हकिकत मोठी मनोरंजक आहे. लाखेचा कीटक अगदी इवलासा असतो. पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या डहाळ्यांवर असे हजारो कीटक दाटीने बसतात, झाडाचा रस शोषून घेतात आणि आपल्या अंगाभोवती राळेसारख्या द्रव्याचे कवच तयार करतात. ही डहाळी खरवडून, धुऊन, वितळवून आणि ताणून जे पातळ पापुद्रे करतात, तीच चपडी लाख. ती स्पिरिटमध्ये विरघळविली, की रोगण तयार होते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ते लावण्याची कला विशेष वाढीस लागली, म्हणून त्याला ‘फ्रेंच पॉलिश’ हे नाव पडले. परंतु त्यातील मुख्य द्रव्य, लाख, फार मोठ्या प्रमाणात भारतातूनच जगभर जात आले आहे. पळस आणि कुसुम हे दोन्ही वृक्ष चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत सागाच्या शेजारीच वाढतात. साग ज्या रानात वाढला, त्याच रानातल्या झाडांवर त्याची मलमपट्टीही तयार होऊ शकते.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू. पहिले काम स्वच्छतेचे. खाचेत धूळ, मेण आणि हाताचे तेल साचलेले असते. मऊ ब्रशाने धूळ काढावी. मग फडक्याला थोडे टर्पेंटाइन लावून जागा पुसावी. ती पूर्ण सुकली, म्हणजे टोकदार काडीला कापसाचा फाया गुंडाळून, तो स्पिरिटमध्ये किंचित बुडवून फक्त खाचेच्या आतून फिरवावा. सागाचे स्वतःचे तेल, जे त्याला वाळवीपासून वाचविते, तेच येथे अडचण करते. तेलकट लाकडावर भर घट्ट बसत नाही. स्पिरिटने हे वरचे तेल निघून जाते. खाचेच्या काठाशी कुसळे उभी असतील, तर ती धारदार पटाशीने अलगद कापून टाकावीत. ओढून काढू नयेत, कारण ओढल्याने खाच लांबते.

दुसरे काम भर निवडण्याचे. सागाचा बारीक भुसा सरसात कालवून भरण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ती मोठ्या भेगांना ठीक. परंतु सरसाने भुशाचा रंग गडद होतो आणि बारीक ओरखड्यावर तो डाग उठून दिसतो. मधमाश्यांचे मेण भरण्यास सर्वांत सोपे. पण ते मऊ असते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात खिडकीजवळच्या मेजावरचे मेण मऊ पडते, त्यावर धूळ बसते आणि बुजविलेली रेघ पुन्हा दिसू लागते. यासाठी जुने कारागीर लाखेची कांडी पसंत करतात. लाखेत थोडी राळ आणि किंचित मेण घातले, की तिचा ठिसूळपणा कमी होतो. गेरूने तांबूस, पिवडीने पिवळसर आणि काजळीने काळसर छटा आणता येते.

रंग जुळविण्यात खरे कौशल्य असते. कोरड्या लाकडाचा रंग पाहून भर निवडली, तर ती हमखास फसते. कारण रोगण लागताच लाकूड गडद होते. म्हणून त्याच लाकडाच्या एखाद्या उघड्या, न दिसणाऱ्या भागावर ओले बोट फिरवावे. ओले झालेले लाकूड जो रंग दाखविते, तोच रोगणानंतरचा रंग. शिवाय सागाचा रंग उजेडाने व काळाने बदलतो. चाळीस वर्षांच्या मेजाला नव्या फळीचा रंग शोभत नाही. एकाच रंगाची भर घालण्याऐवजी जवळजवळच्या दोन छटा वापरल्या, तर त्या लाकडाच्या नैसर्गिक रेषांत मिसळून जातात.

तिसरे काम भर घालण्याचे. एक बोथट सुरी स्पिरिटच्या दिव्यावर गरम करावी. मेणबत्ती वापरू नये. तिची काजळी लाखेला काळे करते. सुरी लालबुंद होऊ देऊ नये. लाख वितळावी, जळू नये. लाखेची कांडी सुरीला टेकवून तिचे थेंब खाचेत उतरवावेत आणि सुरीच्या पात्याने दाबावेत. खाच खोल असेल, तर एकाच वेळी न भरता दोन थर द्यावेत. भर पृष्ठभागापेक्षा किंचित उंच ठेवावी. ती निवून कठीण झाली, की पटाशी आडवी धरून उंचवटा तासावा. मग सपाट लाकडी ठोकळ्याला अगदी बारीक पॉलिशपेपर गुंडाळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, केवळ त्या जागेपुरते घासावे. आडवे घासले, तर एक ओरखडा बुजवून दहा नवे निर्माण होतात. प्लायवुडच्या मेजावर तर विशेष जपावे. त्यावरील सागाचा पापुद्रा बहुधा एक मिलिमीटरही जाड नसतो, आणि तो एकदा घासून गेला, की परत येत नाही.

शेवटचे काम रोगणाचे. कापसाचा बोळा जुन्या धुवट कापडात बांधावा. त्यावर लाखेचे पातळ रोगण घेऊन हलक्या हाताने फिरवावे. बोळा चिकटू नये म्हणून जवसाच्या तेलाचा एखादा थेंब लावावा. एक थर सुकल्यावर दुसरा, असे अनेक पातळ थर द्यावेत. हे काम पावसाळ्यात करू नये. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प तेथे धरते आणि रोगणावर पांढुरकी झाक येते. कोरड्या हवेचा दिवस यासाठी उत्तम.

सावधगिरीच्या काही गोष्टी विसरता कामा नयेत. स्पिरिट चटकन पेट घेते आणि ते विषारीही असते. म्हणून भर वितळविण्याचा दिवा विझविल्याखेरीज रोगणाची बाटली उघडू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलांनी हे काम वडील माणसांच्या देखरेखीखालीच करावे. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेटण्याचा धोका असतो. त्या मोकळ्या हवेत पसरून सुकवाव्यात.

एवढा खटाटोप एका रेघेसाठी कशाला, असे एखाद्याला वाटेल. त्याने मेजाच्या फळीची कापलेली कड निरखून पाहावी. तेथे वक्र रेषा दिसतील. ती सागाची वार्षिक वलये होत. साग दर उन्हाळ्यात पाने गाळतो आणि पावसाळ्यात पुन्हा वाढीला लागतो. त्या प्रत्येक वर्षाची खूण खोडात राहते. जुन्या, सावकाश वाढलेल्या सागात अशा एका वलयाची रुंदी काही वेळा दोन-तीन मिलिमीटरच असते. रंध्याच्या चार हातांत झाडाची एक वर्षाची वाढ भुसा होऊन जमिनीवर पडू शकते. इमारती लाकडासाठी लावलेला साग तोडण्याजोगा होण्यास साधारणपणे साठ ते ऐंशी वर्षे लागतात. मेज टाकून नवे घेणे सोपे असते. परंतु ज्याने रोप लावले, त्याला त्या झाडाचे मेज पाहावयास क्वचितच मिळते.

जिवंत वृक्षाला जखम झाली, तर तो तुटलेले तंतू पुन्हा जुळवीत नाही. जखमेच्या कडेने नवे लाकूड वाढते, हळूहळू तिला झाकून टाकते आणि वृक्ष पुढे वाढत राहतो. जुनी जखम आत तशीच राहते. पण तिच्यावाचून वृक्षाचे काही अडत नाही. तोडलेल्या लाकडाला हे सामर्थ्य उरत नाही. ते काम माणसाच्या हातांना करावे लागते. चांगला कारागीरही वृक्षाप्रमाणेच वागतो. तो जेवढी इजा असेल तेवढीच जागा हाताळतो आणि बाकीच्या फळीला धक्का लावीत नाही. अगदी जवळून पाहणाऱ्याला त्याची दुरुस्ती कदाचित दिसेल. परंतु मेज पुन्हा कामाला लागलेले असते, आणि त्यावर आणखी एका पिढीची पुस्तके उघडली जातात.