पन्नास हजार लोक एका ठेक्यात कसे येतात?

1 जून 2018. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये भारत विरुद्ध चायनीज तैपेई. भारत 5-0 ने जिंकला, सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि हे सगळं बघायला स्टेडियममध्ये होते फक्त 2,569 प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन करा, अशा अर्थाचं त्याचं आवाहन होतं. ते इतकं पसरलं की 4 जूनच्या केनियाविरुद्धच्या मॅचची तिकिटं संपली. धो धो पावसात लोक भिजत ओरडत राहिले. भारत 3-0 ने जिंकला.

आता समजा तुमच्या सिनॉप्सिसचा विषय आहे, ‘प्रेक्षकांच्या घोषणांचा सामन्यावर होणारा परिणाम’. हातात या दोन मॅच आहेत. मैदान तेच, यजमान संघ तोच, अंतर तीन दिवसांचं, फरक प्रेक्षकांचा. काय निष्कर्ष काढाल? रिकाम्या स्टँडसमोर पाच गोल, भरलेल्या स्टँडसमोर तीन. म्हणजे लोक आले की गोल कमी होतात?

हसू येतं, पण पेटच्या मुलाखतीत याच जातीची वाक्यं मी ऐकलेली आहेत. प्रतिस्पर्धी वेगळा होता, पाऊस होता, केनियाची मॅच छेत्रीची शंभरावी आंतरराष्ट्रीय मॅच होती. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर त्यातली एक उचलून ‘हिच्यामुळे झालं’ म्हणता येत नाही. आणि दोन मॅच म्हणजे दोनच मॅच.

फुटबॉलमध्ये प्रेक्षकांना ‘बारावा खेळाडू’ म्हणतात. ही समजूत जुनी आहे. तिला प्रश्नाचं रूप कसं द्यायचं, ते इंग्लंडमधल्या अ‍ॅलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवलं. त्यांनी ‘सामन्यावर परिणाम’ हा अवाढव्य भाग बाजूला ठेवला आणि एकच माणूस पकडला, रेफरी. एका इंग्लिश लीग मॅचमधल्या 47 झटापटी व्हिडिओवर निवडल्या आणि 40 प्रशिक्षित रेफरींना दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. फाऊल आहे की नाही आणि असेल तर कुणाचा, एवढंच सांगायचं. आवाज ऐकणाऱ्या रेफरींनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाऊल दिले. शिवाय निर्णय देताना ते जास्त साशंकही होते.

यातली खुबी बघा. चित्र तेच, झटापट तीच, बदलला फक्त आवाज. आपल्या अंधेरीच्या दोन मॅचमध्ये जे जमत नव्हतं तेच इथे जमवलंय. याची किंमतही त्यांनी मोजली: खोलीत टीव्हीसमोर बसलेला रेफरी म्हणजे मैदानावर धावून दम लागलेला, चाळीस हजारांच्या नजरेखाली उभा असलेला रेफरी नव्हे. प्रयोग जितका स्वच्छ, तितका तो खऱ्या जगापासून लांब जातो. हा सौदा तुम्हालाही कधीतरी करावा लागणार आहे.

मग 2020 मध्ये जगाने उलट्या बाजूचा प्रयोग आपणहून करून दिला. कोविडनंतर 16 मे रोजी जर्मनीची बुंडेसलीगा रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली, पाठोपाठ इतर देशांच्या लीगही. खरी मैदानं, खरे रेफरी, फक्त लोक नाहीत. त्यावर पेपरांचा पाऊस पडला. घरच्या मैदानाचा फायदा किती घटला याबद्दल लीगनुसार उत्तरं वेगवेगळी आली, पण एक गोष्ट बऱ्याच अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसली: एरवी पाहुण्या संघाला यजमानांपेक्षा जास्त पिवळी कार्डं मिळतात, तो फरक कमी झाला. नेव्हिल यांच्या निष्कर्षाशी हे जुळतं. तरी इथेही हात राखूनच बोलायचं, कारण त्याच काळात पाच बदली खेळाडूंची मुभा आली होती, मॅच एकामागोमाग एक दाटीने होत होत्या, आणि खेळाडू दोन-तीन महिन्यांच्या खंडानंतर उतरले होते.

या सगळ्या अभ्यासांत आवाज हा बटणासारखा आहे: चालू किंवा बंद. पण स्टेडियममध्ये बसलेल्या कुणालाही विचारा, गोंगाट आणि घोषणा यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गोल झाला की उठते ती आरोळी, तिला ठेका नसतो. घोषणेला असतो. मी मूळची भौतिकशास्त्राची, त्यामुळे मला जास्त ओढ या दुसऱ्या प्रश्नाची आहे: कुणी समोर काठी हलवत नसताना हजारो माणसं एका ठेक्यात येतातच कशी?

आधी अडचण समजून घेऊ. 20 अंश सेल्सियसला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. आंतरराष्ट्रीय मैदानाची लांबी साधारण 105 मीटर. एका गोलमागच्या स्टँडपासून समोरच्या गोलमागच्या स्टँडपर्यंतचं अंतर 120 मीटर धरा. भागाकार केला की 0.35 सेकंद येतात. म्हणजे तुमची टाळी समोरच्याला एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू जाते. सेकंदाला दोन टाळ्या असा ठेका असेल तर दोन टाळ्यांतलं अंतर अर्धा सेकंद. समोरचा माणूस तुमचं ऐकून वाजवायला लागला तर तो जवळपास पाऊण मात्रा मागे असणार. त्याचं ऐकून तुम्ही वाजवलंत तर आणखी घोळ. नुसतं कानावर विसंबून अख्खं स्टेडियम एका वेगवान ठेक्यात येऊ शकत नाही, हे कागदावरच दिसतं. एका ब्लॉकची गोष्ट वेगळी. तीस मीटरला उशीर 0.09 सेकंदाचा, तो खपून जातो. म्हणून घोषणा जन्मते ती एका कोपऱ्यात, दाटीवाटीने उभ्या असलेल्या लोकांत. लिव्हरपूलचा ‘कॉप’ हा स्टँड 1960 च्या दशकात गाण्यांसाठी गाजला, तेव्हा तो छपराखालचा, खांद्याला खांदा लावून उभं राहायचा स्टँड होता. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये आजही सुमारे 25,000 लोक उभे असतात.

आता दुसरा भाग, माणसाचा. 2000 साली ‘नेचर’मध्ये झोल्तान नेदा, तामाश विचेक आणि सहकाऱ्यांचा एक छोटा पेपर आला. वाचाच, दोन पानांचा आहे. रुमानिया आणि हंगेरीमधल्या नाट्यगृहांत प्रयोग संपल्यावर लोक टाळ्या वाजवतात, त्या यांनी ध्वनिमुद्रित केल्या. आधी विस्कळीत, वेगवान कडकडाट. मग अचानक सगळे एका ठेक्यात. मग पुन्हा विस्कळीत. पुन्हा ठेका. असं का? त्यांना दिसलं ते असं, की ठेक्यात येताना प्रत्येक जण आपला वेग साधारण निम्म्यावर आणतो. सेकंदाला चारच्या आसपास असलेल्या टाळ्या दोनच्या आसपास येतात. भरभर वाजवताना माणसामाणसातला वेगाचा फरक मोठा असतो. सावकाश वाजवताना तो फरक आकसतो, आणि मग एकमेकांचं ऐकून जुळवून घेणं शक्य होतं. (यामागचं गणित कुरामोतो मॉडेलचं. ज्यांचा अरेषीय गतिकी हा पेपर झालाय त्यांनी जरूर उघडावं. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवा: फरक ठरावीक मर्यादेच्या आत आला तरच एकतानता येते, हळूहळू नाही, एकदम येते.)

मग ठेका मोडतो कशाने? उत्साहाने. टाळ्या निम्म्या झाल्या की एकूण आवाजही घटतो. लोकांना तर अजून दाद द्यायचीय. ते वेग वाढवतात, वेग वाढला की फरक वाढतात, ठेका तुटतो. भरपूर आवाज हवा की एकत्र आवाज, दोन्ही एकदम मिळत नाही. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण तो कुणाच्याही ‘मानसिकते’बद्दल काही न बोलता, टाळ्यांमधलं अंतर मोजून काढलेला आहे.

नाट्यगृहातलं स्टेडियमला तसंच्या तसं लावायचं नाही, हे सांगायला नको. स्टेडियममध्ये लोकांनी या अडचणीवर आपले उपाय शोधलेत. इटलीत आणि इतरत्र कट्टर समर्थकांच्या गटात ‘कापो’ असतो. तो हातात भोंगा घेऊन मैदानाकडे पाठ करून उभा राहतो आणि लोकांना हाताने इशारे करतो. बिचारा मॅच फारशी बघतच नाही! पण त्याचा हात प्रकाशाच्या वेगाने दिसतो, तिथे 0.35 सेकंदाचा प्रश्न उरत नाही. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही. शंभर ढोलांच्या मिरवणुकीत मागच्या रांगा पुढच्याच्या हातावर डोळा ठेवून असतात, कानावर नाही.

दुसरा उपाय आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेला आहे. ‘गणपती बाप्पा’ एकाने म्हणायचं, ‘मोरया’ सगळ्यांनी. दर वेळी हाक नवी, म्हणजे दर वेळी घड्याळ शून्यावर. चूक साठत जायला वेळच मिळत नाही. फुटबॉलच्या कितीतरी घोषणा याच घाटाच्या आहेत. आणि तिसरा उपाय, माहीत असलेली चाल. व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकन जोडीच्या 2003 च्या ‘सेव्हन नेशन आर्मी’ गाण्याची सात सुरांची सुरावट बेल्जियममधल्या क्लब ब्रुगच्या समर्थकांनी उचलली, तिथून ती इटलीत गेली आणि 2006 च्या वर्ल्डकपनंतर जगभर झाली. तिला शब्द लागत नाहीत, त्यामुळे भाषेचीही अडचण नाही.

आणि मग आइसलंड. जेमतेम सव्वातीन लाख लोकसंख्येचा देश, 2016 च्या युरोमध्ये इंग्लंडला 2-1 ने हरवतो, आणि त्यांच्या समर्थकांची ‘व्हायकिंग टाळी’ जगभर दिसते. ढोलाचे ठोके, हात डोक्यावर, एक टाळी, एक ‘हू!’, मग लांब शांतता. पुन्हा एक. हळूहळू वेग वाढत जातो आणि शेवटी नुसता कडकडाट. वरचं सगळं डोक्यात ठेवून ही टाळी पुन्हा बघा. सुरुवातीला दोन टाळ्यांत काही सेकंदांचं अंतर आहे, त्यापुढे 0.35 सेकंद किरकोळ. हात डोक्यावर आहेत, म्हणजे समोरच्या स्टँडला दिसतात. आणि शेवटी वेग वाढल्यावर ठेका मोडतो, तो मोडणं हाच शेवट ठरवलेला आहे. माझं म्हणणं असं, की ही टाळी इतक्या देशांनी उचलली त्याचं एक कारण तिच्या संथपणात आहे. अनोळखी माणसालाही ती पहिल्या फेरीत जमते. हे माझं गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. पण ते खोटं ठरवता येतं, आणि सिनॉप्सिसमध्ये हवं असतं ते हेच. एकाच स्टेडियमच्या दोन टोकांना आवाज मुद्रित करा, वेग वाढत जाईल तसा दोन टोकांतला फरक मात्रेच्या किती टक्के होतो ते काढा. कुठल्या वेगाला ठेका तुटतो? तो वेग मैदानाच्या लांबीबरोबर बदलतो का? बदलत नसेल तर माझं म्हणणं गेलं.

यासाठी युरोपला जायची गरज नाही. कोल्हापूरला जा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल असे तालमींचे आणि मंडळांचे संघ खेळतात, आणि समर्थक पेठेपेठेने आपापल्या संघामागे असतात. एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे लोक ठेक्यात लवकर येतात का, हा प्रश्न तिथे विचारता येईल. अनोळखी पन्नास हजारांच्या गर्दीत येणार नाही. समाजशास्त्राच्या कुणाला जोडीला घ्या, कारण कोण कुणाच्या शेजारी बसतो हे कळल्याशिवाय आकडे मुके राहतील.

जाण्याआधी दोन कामाच्या गोष्टी. आयोजकांची परवानगी घ्या आणि संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज करा. घोषणांत शिव्या असतात, नावं असतात, आणि त्या मुद्रणात कुणाचा तरी आवाज ओळखू येऊ शकतो. आणि मोबाइलवर मुद्रण करणार असाल तर आवाजाची तीव्रता त्यावरून काढू नका. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि लहान आवाज उचलतो, त्यामुळे डेसिबलचे आकडे फसवे येतात. टाळी कधी पडली ही वेळ मात्र तो नीट पकडतो. दोन फोन वापराल तेव्हा मॅचआधी ते शेजारी ठेवून एक मोठी टाळी वाजवा आणि मॅच संपल्यावर पुन्हा शेजारी आणून आणखी एक. पहिल्या टाळीवरून दोन्ही मुद्रणं जुळवता येतील आणि दुसरीवरून कळेल की दोन तासांत दोन फोनची घड्याळं एकमेकांपासून किती सरकली.